पंगतीखालचं मैदान

पुढे जे रामायण झालं त्याची सुरुवात एका कप चहापासून झाली, यावर बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत आज कोणी विश्वास ठेवत नाही. पण खरं सांगतो राजेहो, गोवर्धनभाऊ ढोके यांनी क्रीडा खात्याच्या मॅडमला नुसता चहा पाजायचं ठरवलं होतं. अद्रक टाकून. बस्स.

गोवर्धनभाऊ म्हणजे रेल्वेच्या पार्सल ऑफिसातले बाबू आणि वस्तीतल्या नवजवान कबड्डी मंडळाचे अध्यक्ष. अध्यक्ष म्हटलं की माणसानं कधीकाळी मैदान गाजवलं असेल असं वाटतं. (गोवर्धनभाऊ सहावीत असताना एकदा चढाईला गेले होते. समोरच्यांनी हात लावायच्या आधीच ते स्वतःच्या पायात अडकून पडले. मग गुरुजींनी त्यांना गुण लिहायला बसवलं आणि अक्षर मोत्यासारखं निघालं.) त्या अक्षराच्या जोरावर ते अध्यक्ष झाले. मंडळात खेळणारे भरपूर होते, अर्ज लिहिणारा एकही नव्हता.

मंडळाची खरी दौलत म्हणजे पोरींचा संघ. त्यांना शिकवायचे बद्रुद्दीनचाचा. चाचांचं मैदानामागच्या गल्लीत गादीघर आहे. दिवसभर कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या आणि संध्याकाळी शिटी गळ्यात अडकवून मैदानावर यायचं, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. त्यांची नात कहकशाँ चढाई करते आणि गोवर्धनभाऊंची आरती पकड करते. आरतीनं एकदा घोटा धरला की पंचांनी विनंती केल्याशिवाय सोडत नाही. (हा गुण तिनं आईकडून घेतला आहे, असं गोवर्धनभाऊ सांगतात. आई घरात नसताना.)

अशा या वाघिणी गेल्या वर्षी अकोल्याला विभागीय स्पर्धेत गेल्या आणि पहिल्याच सामन्यात आपटल्या. कारण अकोल्याला सामने मॅटवर. आमच्या पोरी काळ्या मातीत वाढलेल्या. मातीत पाय घसरतो, मॅटवर तो चिकटतो. कहकशाँ झोकात आत शिरली, वळायला गेली, पाय जागीच राहिला आणि बाकीची कहकशाँ पुढे गेली. पातूरच्या सहा पोरी तिच्यावर बसल्या. पातूरकडे सरावाला मॅट होती.

यंदा जानेवारीत पुन्हा अकोला होतं. आरती, कहकशाँ आणि आणखी तिघींचं वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. मॅट मिळाली तर खेळ, नाही तर पुन्हा पातूरच्या पोरींना बसायला आसन. आरती घरात रोज एकच वाक्य बोलायची, "बाबा, मॅटचं काय झालं?"

बाबांनी कमी खटपट केली नाही. एका पुढाऱ्याकडे अर्ज दिला, त्यानं स्वतःचा फोटो असलेलं भिंतीवरचं घड्याळ दिलं. सिमेंटच्या दुकानदारानं चाळीस टोप्या दिल्या. शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा व्यापाऱ्यानं तर पोरींच्या तब्येतीसाठी म्हणून दोन पेट्या संत्री पाठवली. संत्री गोड होती, पण त्यांच्यावर कबड्डी खेळता येत नव्हती. शेवटी सरकारची योजना सापडली. क्रीडा मंडळांना साहित्यासाठी अनुदान, सोबत चौदा कागद जोडणे. गोवर्धनभाऊंनी चौदाचे सतरा जोडले. (तीन जास्तीचे असावेत. सरकारचं मन मोठं असतं, पण पोट त्याहून मोठं.)

आणि एक दिवस निरोप आला. गुरुवारी सकाळी क्रीडा अधिकारी मॅडम मैदान पाहायला येणार. मैदान खरंच वापरात आहे का आणि मुली खरंच खेळतात का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

"रागिणी," गोवर्धनभाऊ बायकोला म्हणाले, "गुरुवारी मॅडम येऊन राहिल्या. चहा ठेवजो."

"ठेवीन."

"नुसता चहा बरा दिसन का पण?"

"मंग संगं बिस्किटं देऊ."

"बिस्किटं तं कोणीही देते. मॅट कोणी देते का?"

रागिणीवहिनी तूर निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "अवो, त्या मैदान पाहाले येऊन राहिल्या का पोरगी पाहाले?"

यात टोमणा होता. गोवर्धनभाऊंना त्यात कल्पना दिसली. "पोहे! बरोबर आहे तुह्यं. पोहे पाहिजेत." आणि मग दोन मिनिटं छताकडे पाहून, "पण पोहे तं पातूरवालेही खाऊ घालतीन. आपण वऱ्हाडी माणसं. सरकार पहिल्यांदा दारात येऊन राहिलं. रोडगे करू."

"रोडगे?"

"रोडगे, वांग्याची भाजी, वरण. एकदा रोडगा पोटात गेला का फाईल आपोआप पुढं जाते."

"रोडगा पोटात गेला का माणूस झोपते," वहिनी म्हणाल्या. "पोरीइले खेळू द्या. मॅडम खेळ पाहातीन, शेरा लिहितीन आन जातीन. तुमी मधात पडू नका."

मधात न पडणारा माणूस अध्यक्ष होईल कशाला?

गोवर्धनभाऊंनी हिशेब मांडला. मॅडम म्हणजे काय एकट्या येतात? ड्रायव्हर, शिपाई, कारकून, फोटो काढणारा. झाले पाच. आता रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, ही काही पाच माणसांपुरती करायची वस्तू नाही. गोवऱ्या पेटल्या की वास पार नव्या वस्तीपर्यंत जातो, आणि वास ज्याच्या घरात शिरला त्याला आवतन गेलं नाही, तर ते वैर तीन पिढ्या चालतं. म्हणून शेजारची चार घरं सांगितली. चार घरं सांगितली म्हणून त्यांची भावकी सांगावी लागली. बुधवारपर्यंत सगळी जुनी वस्ती चूलबंद आवतनावर होती, म्हणजे गुरुवारी कोणाच्याच घरी चूल पेटणार नव्हती, आणि कणीक पोत्यानं येऊन पडली होती.

एवढी माणसं बसवायची कुठे? वस्तीत सपाट, सारवलेली, एकही खडा नसलेली जागा एकच होती. ती तशी करण्यात पोरींचे चार महिने गेले होते.

सोमवारीच मांडव उभा राहिला. "मॅडमले ऊन लागन," गोवर्धनभाऊ म्हणाले. डिसेंबरात कोणतं ऊन, असं वहिनींनी विचारलं. "ऊन ते ऊन," असं उत्तर मिळालं.

संध्याकाळी आरती घरी आली ती पाय आपटत.

"बाबा! मधल्या रेषेवर बांबू गाडला तुमी!"

"मंग काय झालं? रेषा कुठं पळून चालली?"

"आन कोपऱ्यात खड्डा खंदला!"

"तो रोडग्याचा आहे. गोवऱ्या काय माह्या डोक्यावर पेटवू?"

"आमी खेळाव कुठं? गुरुवारी मॅडम पाहाणार काय?"

"तीन दिवस आराम करा. मोठमोठे खेळाडू सामन्याच्या आधी आरामच करतात."

आरतीनं आईकडे पाहिलं. आईनं बापाकडे पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नंतर बद्रुद्दीनचाचा आले. त्यांनी मांडवाला एक फेरी घातली, खड्ड्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "गोवर्धनभाऊ, मॅडम खेल पाहाले येऊन राहिल्या ना?"

"हो ना चाचा."

"मंग हे दावत कायची?"

"चाचा, तुमी कापसातले. सरकारी काम तुमाले नाही समजत."

चाचा भला माणूस. त्यांनी शिटी खिशात घातली आणि मान हलवत गल्लीकडे गेले. आरती त्यांच्यामागे गेली, आरतीमागे उरलेल्या पोरी गेल्या. गोवर्धनभाऊंना बरं वाटलं. पोरी आरामाला गेल्या, असं ते धरून चालले.

गुरुवार उजाडला. गोवऱ्या रसरसल्या, रोडगे भाजले, तुपाचा डबा फुटला. मॅडम अकरापर्यंत आल्या नाहीत. साडेअकरा झाले, पत्ता नाही. आता रोडगे गरम असताना माणसं उभी ठेवायची म्हणजे पाप. खुशालराव काका काठी आपटत म्हणाले, "गोवर्धन, साहेब लोकाइचं काही खरं नसते. पहिली पंगत बसव." खुशालराव वस्तीतले सगळ्यात वडीलधारे, आणि पंगतीच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे कायदा. बसवली पंगत. दीडशे पानं. पहिला घास तोंडात गेला आणि एक स्कूटी मांडवाच्या दारात थांबली.

अंगानं बारीक, पायात खेळाचे बूट, पाठीला पिशवी. गोवर्धनभाऊंना वाटलं कोणाची तरी सून उशिरा आली. "या ताई, बायाइची पंगत दुसरी आहे," ते म्हणाले.

"मी क्रीडा अधिकारी. ढोके तुम्हीच का?"

गोवर्धनभाऊंनी हातातलं वरणाचं भांडं खाली ठेवलं. त्यांनी स्कूटीच्या मागे पाहिलं, रस्त्यावर पाहिलं. जीप नाही, ड्रायव्हर नाही, कारकून नाही. एका माणसासाठी पोतंभर कणकीचे रोडगे लागले होते.

"या या मॅडम! बसा! पान वाढा रे मॅडमले!"

"निरीक्षणाला गेल्यावर मी पाण्याशिवाय काही घेत नाही," मॅडम म्हणाल्या. "मला एकची अकोल्याची गाडी धरायची आहे. मैदान दाखवा."

गोवर्धनभाऊंनी घसा साफ केला.

"हे काय मॅडम. हेच आहे."

"कुठे?"

"ह्या पंगतीखाली."

मॅडमनी खाली पाहिलं. दीडशे पत्रावळी, दीडशे माणसं मांडी घालून. मधल्या रेषेवर खुशालराव वांग्याचं देठ चोखत बसले होते.

"हा काय कार्यक्रम आहे? माझ्यासाठी तर नाही ना केला?" मॅडमचा आवाज जरा बदलला. "तसं असेल तर मला लिहावं लागेल."

इथे खरं बोलून हात जोडले असते तर चाललं असतं. पण गोवर्धनभाऊंची अक्कल त्या वेळी गोवऱ्यांसोबत धुमसत होती. "छे छे! तुमच्यासाठी कायले? हे तं आमच्याकडे दर गुरुवारी असतेच!"

पंगतीतून खुशालरावांनी मान वर केली. "दर गुरुवारी? मले काहून नाही सांगितलं बे आतापर्यंत?"

"दर गुरुवारी मैदानावर जेवण," मॅडमनी वहीत लिहिलं. "मग मुली कधी खेळतात?"

"जेवल्यावर."

"रोडगे खाऊन कबड्डी?"

"थोडी हळू खेळतात," गोवर्धनभाऊ म्हणाले.

मॅडमनी पेन थांबवलं. "हे बघा, मला फक्त मुलींचा सराव पाहायचा आहे. दहा मिनिटांसाठी जागा मोकळी करा."

गोवर्धनभाऊ लगबगीनं पंगतीत शिरले. "काका, जराक उठता का? सरकारी काम आहे."

खुशालरावांच्या हातातला घास हातातच राहिला. "भरल्या पानावरून उठू? गोवर्धन, भरल्या पानावरून माणसाले यमही उठवत नाही. तू सरकारचं नाव सांगते मले?" पलीकडच्या ओळीतून "बरोबर आहे" असा आवाज आला. दीडशे माणसं एकदम जास्तच घट्ट बसली. आणि राजेहो, त्यांचं तरी काय चुकलं? आवतन देऊन बोलावलेल्या माणसाला अर्ध्या जेवणावरून उठवायचं, हे वऱ्हाडात आजवर कोणी केलेलं नाही.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. वही मिटली. गोवर्धनभाऊंना वही मिटल्याचा तो आवाज अजून झोपेत ऐकू येतो. त्यांच्या डोळ्यांपुढे अकोला आलं, पातूरच्या सहा पोरी आल्या आणि त्यांच्याखाली आरती आली. त्यांना अक्षरशः रडू फुटायची वेळ आली होती.

तेवढ्यात वाढणं बाजूला ठेवून, पदराला हात पुसत रागिणीवहिनी आल्या. तीन दिवस त्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आताही त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"मॅडम, तुमाले पोरीच पाहाच्या आहेत ना? चाला माह्यासंगं. दोन मिनटाचा रस्ता आहे."

दोघी मांडवाबाहेर पडल्या. गोवर्धनभाऊ मागे धावणार, तर खुशालराव म्हणाले, "तूप कुठं आहे?" तूप वाढलं. मग वरण मागितलं. यजमानाला पंगत सोडून जाता येतं का? दहा मिनिटं गोवर्धनभाऊ वाढत होते आणि डोळे गल्लीकडे लावून होते. शेवटी त्यांना राहवेना. निदान मॅडमबरोबर बांधून तरी द्यावं म्हणून त्यांनी एका ताटात चार रोडगे, वाटीत भाजी, वर तूप असं घेतलं आणि पळत सुटले.

मॅडम गेल्या होत्या बद्रुद्दीनचाचांच्या गादीघराच्या अंगणात. आणि त्या अंगणाची काय कळा! चाचांनी घरातल्या, दुकानातल्या, दुरुस्तीला आलेल्या, झाडून सगळ्या गाद्या अंगणभर अंथरल्या होत्या. गाद्यांच्या कडेला लावायची पांढरी पट्टी टाचून रेषा आखल्या होत्या. सोमवारपासून पोरी तिथे सराव करत होत्या. अध्यक्ष सोडून ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. पोरींच्या वेण्यांमध्ये कापूस, भुवयांवर कापूस. एका कोपऱ्यात चाचांच्या घरच्या खुर्शीदबी मोठी सुई घेऊन बसल्या होत्या. जी गादी फाटेल ती तिथल्या तिथे शिवायची आणि ओरडायचं, "ए पोट्ट्यांनो, ते लाल गादी लग्नाची आहे! तिच्यावर पकड नका करू!"

गादीवर पाय मॅटसारखा चिकटत नाही, तो रुततो. त्यामुळे प्रत्येक पाऊल उचलून टाकावं लागतं, आणि पडलं तरी लागत नाही. चाचांचं म्हणणं साधं होतं. जी पोरगी गादीवर पळेल ती मॅटवर उडेल.

मॅडम पाच मिनिटं उभ्या राहून पाहत होत्या. कहकशाँ आत गेली, दोघींना शिवून कापूस उडवत परत आली. मॅडमची मान हळूहळू हलायला लागली. मग त्यांनी बूट काढले. पिशवी वहिनींच्या हातात दिली.

"मी विद्यापीठाकडून खेळले आहे," त्या म्हणाल्या. "एक चढाई देऊ का?"

चाचांनी शिटी फुंकली. मॅडम 'कबड्डी कबड्डी' करत आत शिरल्या. डावीकडे हूल दिली, उजवीकडे पाय टाकला, आणि तो पाय आरतीच्या हातात गेला. मग पाच जणी एकदम वर.

नेमके याच वेळी गोवर्धनभाऊ ताट घेऊन अंगणात शिरले. त्यांना पोरींचा ढीग दिसला. ढिगाखालून क्रीडा खात्याचा एक हात बाहेर आलेला दिसला.

"अवो सोडा!" ते जिवाच्या आकांतानं ओरडले. "सोडा पोरीहो! ते अनुदान आहे!"

आरतीनं सोडलं नाही. तिला सोडता येतच नाही. गोवर्धनभाऊ वाचवायला पुढे धावले, गादीत पाय रुतला, आणि सहावीनंतर पहिल्यांदाच ते मैदानात पडले. चार रोडगे चार दिशांना गेले. भाजी लग्नाच्या लाल गादीवर गेली. खुर्शीदबींनी कपाळावर हात मारला, "या अल्ला! आता नवरदेवाले काय सांगू?"

ढिगाखालून हसण्याचा आवाज आला. मॅडम उठल्या, केसातला कापूस काढला, आरतीच्या पाठीवर थाप मारली. घड्याळ पाहिलं आणि काही न बोलता बूट घालून स्कूटीकडे धावल्या. गोवर्धनभाऊ मागून म्हणत होते, "मॅडम, एक रोडगा तरी..." पण स्कूटी स्टेशनकडे वळलीसुद्धा.

त्यानंतरचे पंधरा दिवस गोवर्धनभाऊंनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पार्सल ऑफिसात ते नागपूरचं पार्सल भुसावळच्या ढिगात टाकू लागले. लग्नाची गादी स्वखर्चानं नवी करून द्यावी लागली, ती वेगळीच. रस्त्यात कोणी भेटलं की विचारायचं, "गोवर्धनभाऊ, ह्या गुरुवारी किती वाजता बसाचं?" घरात आरती मॅटचं विचारायची बंद झाली होती. ते त्यांना सगळ्यात जास्त लागलं. पोरगी भांडली असती तर बरं वाटलं असतं.

आणि सोळाव्या दिवशी टपालानं लिफाफा आला. सरकारी. गोवर्धनभाऊंना तो फोडायची हिंमत होईना. सगळं मंडळ मैदानावर जमलं. चाचा आले, खुर्शीदबी आल्या, खुशालराव काठी टेकत आले. (त्यांना वाटलं जेवण आहे.) पत्र आरतीच्या हातात दिलं.

"नवजवान कबड्डी मंडळास," आरती वाचू लागली, "मुलींच्या संघाच्या सरावासाठी कबड्डीची मॅट मंजूर करण्यात येत आहे!"

काय सांगू राजेहो, असा गलका झाला की स्टेशनवर गाडी आली असावी असं वाटावं. पोरी चाचांना उचलायला धावल्या. कहकशाँ आणि आरती गळ्यात गळा घालून रडायला लागल्या, आणि रागिणीवहिनींनी पदर डोळ्याला लावला. कोणीतरी झेंडूचा हार आणून गोवर्धनभाऊंच्या गळ्यात घातला. त्यांची छाती इतक्या दिवसांत पहिल्यांदा वर आली.

"मी पयलेच म्हणलं होतं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रोडग्याशिवाय फाईल हालत नाही. मॅडमनं खाल्ला नसन, पण वास तं घेतला! वाच आरती, पुढं वाच. अटी वाच."

"अट पहिली, मॅट मुलींच्या सरावासाठीच वापरावी. अट दुसरी, मॅटवर किंवा मॅटच्या आसपास विस्तव पेटवू नये."

"बरोबर आहे," गोवर्धनभाऊ गंभीरपणे म्हणाले. "पुढं?"

"अट तिसरी. मॅट ताब्यात घेण्यासाठी मंडळानं एका जबाबदार व्यक्तीचं नाव तात्काळ कळवावं." आरती थांबली. तिनं कागदाची घडी घालायला सुरुवात केली. "झालं बाबा. एवढंच."

"एवढंच कसं? मले इथून दिसून राहिलं, कंसात काहीतरी आहे."

"जाऊ द्या ना बाबा. कंसातलं काय वाचाचं."

"कंसातलंही सरकारचंच असते. वाच, मोठ्यानं वाच!"

आरतीनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली. आरतीनं घडी उलगडली आणि मोठ्यानं वाचलं:

"(अध्यक्ष सोडून.)"

गोवर्धनभाऊंनी गळ्यातला हार नीट केला आणि ते म्हणाले, "कंसात आहे म्हणजे ते काही सक्तीचं नसन."